शिफ्टचे वेळापत्रक भिंतीवर: कारखान्यासाठी मोठी स्क्रीन निवडताना

आमची पहिली शिफ्ट सात वाजता सुरू होते आणि पावणेसातला नियोजन विभागाच्या केबिनसमोर दहा-बारा जण उभे असतात. कोणत्या मशीनवर उभे राहायचे, कालचा जॉब पुढे चालू आहे की बदलला, गैरहजर ऑपरेटरच्या जागी कोण, एवढेच प्रत्येकाला विचारायचे असते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या मशीन शॉपमध्ये मी नियोजनाचे काम पाहतो, तिथे ही गर्दी मोडावी म्हणून आम्ही पहिल्यांदा ५५ इंची घरगुती टीव्ही भिंतीवर टांगला, त्याला ऑफिसातला जुना लॅपटॉप जोडला आणि एक्सेलचा तक्ता उघडून ठेवला. आठवड्याभराने पाहिले तर केबिनसमोरची गर्दी होती तेवढीच होती. फरक इतकाच की आता लोक टीव्हीच्या खालून चालत येत होते. टीव्हीत काही दोष नव्हता. ज्या जागेवरून लोक तो पाहत होते तिथून त्यावरचे अक्षर लागत नव्हते, आणि हे आम्ही विकत घेण्यापूर्वी फूटपट्टी आणि एक कागद घेऊन अर्ध्या तासात तपासू शकलो असतो.

पुढे आम्ही ती व्यवस्था मोडून नव्याने उभी केली. त्यातून हाती आलेला कामाचा क्रम या लेखात दिला आहे. दहा ते तीस मशीनचे शॉप, दोन किंवा तीन शिफ्ट आणि ऑपरेटरला उभ्या-उभ्या वाचता यावे असे वेळापत्रक, एवढी गरज गृहीत धरली आहे. या क्रमात इंचांचा आकडा बराच उशिरा येतो, आणि तो उशिराच यावा असे माझे मत आहे.

पायरी १: सर्वांत लांबचा वाचक कुठे उभा असतो ते मोजा

स्क्रीन जिथे लावायची असे मनात आहे त्या भिंतीपासून, जिथून वाचता आलेच पाहिजे त्या सर्वांत लांबच्या जागेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. डोळ्याने काढलेला अंदाज इथे हमखास चुकतो, कारण मोकळ्या शेडमध्ये अंतर नेहमी कमी वाटते. मोजताना एक निर्णयही घ्यावा लागतो. लोकांनी आपल्या मशीनवर उभे राहून वाचावे अशी अपेक्षा आहे, की हजेरीच्या पंचिंग मशीनपासून शॉपमध्ये येताना वाटेत थांबून वाचावे अशी? पहिल्या प्रकारात अंतर पंधरा-वीस मीटर भरते, दुसऱ्यात ते चार-पाच मीटरवर येते. वेळापत्रक हे शिफ्टच्या सुरुवातीला एकदा आणि जॉब बदलताना एकदा वाचण्याची गोष्ट आहे, दिवसभर नजरेसमोर हवी अशी नव्हे. त्यामुळे लोकांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर, पण वाट अडणार नाही अशा बेताने लावलेली मध्यम आकाराची स्क्रीन ही शेडच्या टोकाला उंचावर लावलेल्या अवाढव्य स्क्रीनपेक्षा जास्त वाचली जाते. मशीन बंद पडल्याचे दिवे दाखवणारा अँडॉन बोर्ड ही वेगळी गोष्ट आहे. तो लांबूनच दिसायला हवा. दोन्ही कामे एकाच स्क्रीनवर लादण्याचा मोह टाळावा.

पायरी २: अक्षराची उंची ठरवा आणि ओळी मोजा

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ज्या तक्त्यावर आपण अक्षरे वाचतो, त्यात निर्दोष नजरेच्या माणसाला सहा मीटरवरून जेमतेम वाचता येणारे अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंचीचे असते. परंतु तिथे माणूस स्वस्थ बसून, एकेक अक्षर लावत वाचतो. शॉपमध्ये तो चालत असतो, हातात टिफिन असतो, चष्म्यावर कूलंटचे शिंतोडे असतात आणि मशीनवर जॉब लावून देणाऱ्या अनुभवी सेटरांपैकी अनेकांचे वय पंचेचाळीसच्या पुढचे असते. म्हणून त्या उंचीच्या तिपटीहून थोडे अधिक धरावे. हिशेबाला सोपा नियम असा, की अंतराला २०० ने भागावे आणि जे उत्तर येईल ती अक्षराची किमान उंची समजावी. चार मीटरला २० मिलिमीटर, आठ मीटरला ४० मिलिमीटर, बारा मीटरला ६० मिलिमीटर.

ही उंची अक्षराच्या मुख्य अंगाची आहे, म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची. देवनागरीत तेवढ्याने भागत नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार असतात, आणि ‘ट्रॅक्टर’सारख्या शब्दात तर दोन्हीकडे जागा लागते. रोमन लिपीसाठी आखलेल्या तक्त्यात मराठी मजकूर टाकला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो आणि लांबून दोन्ही ओळी वाचेनाशा होतात. माझ्या अनुभवाने एका ओळीसाठी अक्षराच्या उंचीच्या अडीच पट जागा सोडावी. म्हणजे आठ मीटरवरून वाचायचे असेल तर एक ओळ १०० मिलिमीटरची झाली.

आता स्क्रीनकडे वळता येते. बाजारात सांगितले जाणारे इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप असते आणि आपल्याला हवी असते ती उंची. नेहमीच्या १६:९ प्रमाणात ५५ इंची स्क्रीन सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असते, ६५ इंची १४४ बाय ८१, ७५ इंची १६६ बाय ९३ आणि ८६ इंची १९० बाय १०७. शंभर मिलिमीटरच्या हिशेबाने ५५ इंची स्क्रीनवर सहा ओळी बसतात, त्यातली एक मथळ्याची गेली की उरल्या पाच. ८६ इंची घेतली तरी एकूण दहाच. आमच्याकडे चौदा मशीन आहेत. आमचा पहिला टीव्ही का वाचता येत नव्हता याचे उत्तर या दोन वाक्यांच्या गुणाकार-भागाकारात होते: मथळ्यासह पंधरा ओळी ६८ सेंटिमीटरमध्ये कोंबल्यावर एका ओळीला साडेचार सेंटिमीटर आणि अक्षराला दोनहूनही कमी उरत होते.

ओळी बसत नाहीत असे दिसले की बहुतेक जण आणखी मोठी स्क्रीन शोधू लागतात. त्याआधी तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली म्हणजे अंतर कमी करणे: आठचे अंतर चारवर आणले की ओळ पन्नास मिलिमीटरची होते आणि त्याच ५५ इंची स्क्रीनवर तेरा ओळी मावतात. दुसरी म्हणजे स्क्रीनची संख्या वाढवणे: दोन बेमध्ये, म्हणजे शेडच्या दोन भागांत, त्या-त्या बेच्या मशीनपुरत्या दोन ५५ इंची स्क्रीन लावल्या, तर त्या एका ८६ इंचीपेक्षा सहसा स्वस्त पडतात, आणि एक बंद पडली तरी निम्मे शॉप चालू राहते. तिसरी म्हणजे स्क्रीन उभी लावणे. ६५ इंची उभी केली तर तिला १४४ सेंटिमीटर उंची मिळते आणि आठ मीटरसाठीही चौदा ओळी बसतात. मात्र रुंदी ८१ सेंटिमीटरच उरते, आणि उभी लावण्याची परवानगी उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिली आहे का हे पाहावे लागते, कारण आडव्या वापरासाठी बनवलेल्या टीव्हीत उभे केल्यावर उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग बदलतो. चौथा, फार सोपा वाटणारा उपाय म्हणजे पाने आपोआप उलटवत राहणे. तो मी सुचवत नाही. आपल्या मशीनचे पान येईपर्यंत वीस सेकंद थांबण्याऐवजी माणूस केबिनकडे वळतो.

रुंदीचाही हिशेब करावा. ४० मिलिमीटर उंचीचे देवनागरी अक्षर साधारण तेवढीच रुंदी खाते, म्हणून ५५ इंची स्क्रीनच्या एका ओळीत तीसच्या आसपास अक्षरे येतात. ‘सीएनसी-०४’ असे संगणक-नियंत्रित मशीनचे नाव लिहिले तर सात गेली. पार्ट नंबरला आठ, ऑपरेटरच्या नावाला सहा, संख्येला चार, मधल्या मोकळ्या जागा धरल्या की ओळ संपली. ग्राहकाचे नाव, ऑर्डरची तारीख, मागील शिफ्टचे उत्पादन हे सगळे नियोजकाला हवे असते, ऑपरेटरला नको असते. ते स्क्रीनवर न आणण्याचा ठामपणा इथेच दाखवावा लागतो. वरिष्ठांपैकी कोणीतरी “जागा आहे तर कार्यक्षमतेची टक्केवारीही टाका” असे म्हणतेच. जागा नसते, हे कागदावर करून दाखवावे.

पायरी ३: काही विकत घेण्यापूर्वी कागदाची चाचणी

ठरवलेल्या स्क्रीनच्या मापाचा पुठ्ठा कापावा, किंवा जवळच्या फ्लेक्सवाल्याकडून त्या मापाचा खराखुरा तक्ता छापून घ्यावा. त्यात खरी मशीन, खरे पार्ट नंबर आणि खऱ्या लांबीची नावे असावीत. तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर टांगावा आणि लांबच्या जागेवर एकेका माणसाला उभे करून “तुझे मशीन कोणते, जॉब कोणता” एवढेच विचारावे. नजर चांगली असलेला तरुण ट्रेनी या चाचणीला उपयोगाचा नाही. शॉपमधला सर्वांत ज्येष्ठ, दुहेरी चष्मा वापरणारा माणूस आणि रात्रपाळीचा एखादा ऑपरेटर, हे दोघे निवडावेत. आमच्या चाचणीत ज्येष्ठ सेटरने पार्ट नंबरमधला ३ आणि ८ चारपैकी दोनदा उलटसुलट वाचला, आणि त्यावर आम्ही अक्षर मोठे करण्याऐवजी पार्ट नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांनाच जागा दिली, कारण शॉपमध्ये जॉब त्या चार आकड्यांनीच ओळखला जातो. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकातून कळली नसती.

पायरी ४: जागा आणि उजेड

पत्र्याच्या शेडमध्ये मध्ये-मध्ये अर्धपारदर्शक पत्रे असतात आणि सकाळी अकरा ते दुपारी तीनपर्यंत त्यांतून येणारा उजेड स्क्रीनवर पडतो. ठरलेल्या जागी एक आरसा किंवा काळ्या ॲक्रिलिकचा तुकडा धरून वाचकाच्या जागेवरून त्यात काय दिसते ते सकाळी, दुपारी आणि रात्री पाहावे. त्यात शटर, खिडकी किंवा छताचा हायबे दिवा दिसला, तर तोच उद्या स्क्रीनवर दिसणार. अशा वेळी जास्त झगझगीत स्क्रीन शोधण्यापेक्षा जागा दोन मीटर सरकवणे किंवा स्क्रीन खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर नेणे हा फुकटचा उपाय आहे.

तेजस्वितेचे माप निट्स या एककात सांगतात. घरगुती टीव्ही साधारणपणे २५० ते ३५० निट्सचे असतात, कामाच्या ठिकाणासाठी बनवलेल्या व्यावसायिक स्क्रीन ३५० ते ७०० पर्यंत मिळतात. बंदिस्त, ट्यूबलाइटच्या उजेडातल्या शॉपला ३५० पुरतात. स्कायलाइटच्या शेडमध्ये ५०० च्या खाली जाऊ नये. त्याचबरोबर काच चकचकीत आहे की खरखरीत, म्हणजे मॅट, हेही पाहावे. तेजस्वितेचे दीडशे निट्स कमी असले तरी चालतील, पण चकचकीत काच नको, असे मी म्हणेन. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ठेवली तर प्रतिबिंब कमी जाणवते. काळ्या पार्श्वभूमीवरची रंगीत अक्षरे दुकानात देखणी दिसतात आणि शेडमध्ये आरसा बनतात.

उष्णतेकडे सहसा कोणी पाहत नाही. घरगुती टीव्हीच्या माहितीपत्रकात कामाचे कमाल तापमान बहुधा ४० अंश दिलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली, चार मीटर उंचीवर, तेवढे तापमान स्क्रीन चालू होण्यापूर्वीच झालेले असते. जितके उंच तितके गरम, म्हणून शक्य तितके खाली लावावे. कूलंट आणि तेलाचे धुके असलेल्या ठिकाणी मागच्या जाळीतून चिकट थर आत बसतो. तिथे एकतर सीएनसीपासून दूर जावे किंवा पंखा आणि फिल्टर असलेली पॉलिकार्बोनेटची पेटी करून घ्यावी. पूर्ण बंद पेटी मात्र करू नये, ती भट्टी होते. पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याच्या जोडाखाली स्क्रीन येत नाही ना, हे जूनपूर्वी पाहून ठेवावे. आणि मागच्या बाजूला केबलची भोके उघडी ठेवू नयेत, कारण पाल ऊब शोधत तिथेच शिरते.

पायरी ५: घरगुती टीव्ही की व्यावसायिक स्क्रीन

किमतीतला फरक मोठा असतो, म्हणून हा प्रश्न प्रत्येक खरेदी विभाग विचारतो आणि तो विचारणे योग्यच आहे. घरगुती टीव्ही दिवसाचे काही तास, बदलती चित्रे दाखवण्यासाठी बनवलेला असतो. व्यावसायिक स्क्रीनवर रोज १६ तास किंवा २४ तास चालण्याची क्षमता स्पष्ट लिहिलेली असते. घरगुती टीव्हीच्या वॉरंटीपत्रकात व्यावसायिक वापर बहुतेक वेळा वगळलेला असतो, आणि बिल कंपनीच्या नावाने असल्यावर दुरुस्तीच्या वेळी ही अट पुढे येते.

परंतु माझ्या दृष्टीने खरा फरक निराळ्याच ठिकाणी आहे. आमच्या वसाहतीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि त्या दिवशी वीज बंद राहू शकते. वीज परत आल्यावर घरगुती टीव्ही बहुधा लाल दिवा लावून स्वस्थ बसतो. शुक्रवारी सकाळी कोणीतरी रिमोट शोधून तो चालू करावा लागतो, योग्य एचडीएमआय निवडावा लागतो, आणि रिमोट नेमका स्टोअरच्या कपाटात, किल्ली दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरकडे. व्यावसायिक स्क्रीनमध्ये वीज येताच आपोआप चालू होऊन शेवटचा इनपुट दाखवण्याची सोय असते, ठरलेल्या वेळी चालू-बंद होण्याचे घड्याळ असते आणि रिमोटला व बटनांना कुलूप घालता येते. टीव्हीच घ्यायचा झाला तर दुकानातच त्याचा प्लग काढून, पुन्हा लावून, तो आपोआप उठतो का हे पाहावे. विक्रेता हसेल, हसू द्यावे.

पॅनेलच्या प्रकारांत फार गुंतण्याचे कारण नाही. ज्याला दुकानात एलईडी टीव्ही म्हणतात तो मागून एलईडीचा उजेड असलेला एलसीडीच असतो आणि तोच घ्यावा. त्यात आयपीएस प्रकाराचे पॅनेल बाजूने पाहिले तरी नीट दिसते, व्हीए प्रकारात समोरून काळेपणा चांगला मिळतो पण बाजूने रंग फिके पडतात. शॉपमध्ये लोक बाजूनेच येतात, त्यामुळे आयपीएस. ओएलईडी या कामाला घेऊ नये, कारण वेळापत्रकाचा मथळा आणि रेघा महिनोन्महिने जागच्या जागी राहतात आणि त्यांचा कायमचा ठसा उमटतो. एलसीडीवरही तात्पुरती छाया उरते, पण ती बहुधा निघून जाते. लहान-लहान स्क्रीन जोडून केलेल्या भिंतीत तक्त्याची ओळ नेमकी जोडपट्टीवर येते, म्हणून तोही मार्ग सोडावा. टचस्क्रीन लागत नाही.

फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांची स्क्रीन, हवी का? ५५ इंची फुल एचडी स्क्रीनचा एक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा असतो आणि सव्वादोन मीटरच्या पलीकडून तो सामान्य नजरेला वेगळा दिसत नाही. म्हणजे चार मीटरवरच्या वाचकाला फरक पडत नाही. आता मोठ्या मापांत बहुतेक सगळे फोर-केच येते, ते आले तर घ्यावे, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. देवनागरी जोडाक्षरांची नाजूक वळणे जवळून मात्र फोर-केवर खरोखर सुबक दिसतात, एवढे कबूल केले पाहिजे.

पायरी ६: स्क्रीनमागचा संगणक आणि मराठी अक्षर

लॅपटॉप जोडू नये. आमच्या लॅपटॉपवर एकदा पहिल्या शिफ्टला सव्वा तास ‘संगणक अद्ययावत होत आहे, बंद करू नका’ एवढेच झळकत होते, आणि नियोजकाला आलेल्या ई-मेलचे विषयही अधूनमधून कोपऱ्यात सर्वांना वाचायला मिळत होते. स्वतंत्र छोटा संगणक घ्यावा, त्यावर वेळापत्रकाचे वेब पान ब्राउझरमध्ये पूर्ण स्क्रीनभर आपोआप उघडेल अशी व्यवस्था करावी आणि अद्ययावत होण्याची वेळ सुट्टीच्या दिवसावर टाकावी. रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक या कामाला पुरतो, मात्र अचानक वीज गेल्याने त्याचे मेमरी कार्ड बिघडू शकते, म्हणून त्याला छोटा यूपीएस आणि तयार करून ठेवलेले दुसरे कार्ड हवेच. अनेक व्यावसायिक स्क्रीनमध्ये अंगभूत संगणकही असतो. त्यावर आपले पान आणि मराठी अक्षर नीट उमटते का, हे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष पाहावे.

अनेक कारखान्यांत जुन्या एक्सेल याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर त्या मराठी दिसतात आणि स्क्रीनच्या संगणकावर रोमन अक्षरांचा चिवडा होतो. याद्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणाव्यात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा, रेघेची जाडी सर्वत्र सारखी असलेला फॉन्ट निवडावा आणि तो जाड न करता मध्यम वजनाचा ठेवावा, कारण फार जाड केला की ‘ष्ट’, ‘द्ध’ यांच्या आतली पोकळी बुजते.

टीव्ही संगणकाला जोडल्यावर तक्त्याच्या चारही कडा कापलेल्या दिसतात, हा नवख्याला पहिल्याच दिवशी येणारा अनुभव आहे. टीव्ही चित्र थोडे मोठे करून कडा बाहेर ढकलतो. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ असा पर्याय असतो, तो चालू करावा. इनपुटचे नाव ‘पीसी’ असे बदलल्यावर काही टीव्हींवर रंगीत अक्षरांच्या कडाही साफ होतात.

साधी एचडीएमआय केबल पाच मीटरच्या आत ठेवावी. संगणक स्क्रीनच्या मागेच बसवला तर हा प्रश्न उरत नाही आणि लांबचा प्रवास नेटवर्क केबलला करू देता येतो, जी १०० मीटरपर्यंत चालते. पत्र्याच्या शेडमध्ये, वेल्डिंग आणि मोटरच्या ड्राइव्हच्या शेजारी वाय-फायवर विसंबू नये. नेटवर्क केबल विजेच्या केबलपासून अंतर ठेवून, वेगळ्या पाइपमधून न्यावी.

यातली सर्वांत महत्त्वाची सोय मात्र पानावरच करायची असते. नेटवर्क तुटले तरी ब्राउझर जुने पान तसेच दाखवत राहतो आणि पाहणाऱ्याला ते ताजेच वाटते. चुकीचे वेळापत्रक हे कोऱ्या स्क्रीनपेक्षा वाईट, कारण चुकीचा जॉब लोड होऊन दोन तास गेल्यावर ते कळते. म्हणून ‘शेवटची नोंद ०६:४२’ अशी वेळ मोठ्या अक्षरांत दाखवावी आणि पाच मिनिटांत नवी माहिती आली नाही तर सगळे पान लाल होऊन ‘केबिनमध्ये विचारा’ असे आले पाहिजे. पान बनवणाऱ्याकडून हे करून घेतल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नये. स्थितीसाठी फक्त लाल-हिरवा रंग वापरू नये. हे दोन रंग वेगळे न ओळखणारे लोक प्रत्येक मोठ्या शॉपमध्ये निघतात, म्हणून रंगासोबत ‘चालू’, ‘थांबले’ असा शब्द असावा.

पायरी ७: भिंत

५५ इंची स्क्रीन पंधरा ते वीस किलोची आणि ८६ इंची पन्नास किलोच्या आसपास असते. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनर पुरतो. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकमध्ये त्यासाठीचे वेगळे फास्टनर किंवा आरपार बोल्ट लागतात, आणि जिप्समच्या पार्टिशनवर मागे १८ मिलिमीटरचे प्लायवूड चौकटीला बसवल्याशिवाय काहीही टांगू नये. पत्र्याच्या भिंतीवर तर नाहीच. तिथे लोखंडी खांबाला फ्रेम करून घ्यावी. स्क्रीनच्या मागच्या चार भोकांमधले अंतर, उदाहरणार्थ ४०० बाय ४०० मिलिमीटर, ब्रॅकेट मागवण्याआधी जुळवून पाहावे. प्रेस शॉप शेजारी असेल तर साधे नट हादऱ्याने सुटतात, नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, वापरावेत.

खालची कड जमिनीपासून दोन मीटरच्या वर असावी, पण फार वर नको. स्क्रीनचा मध्य २.६ मीटरवर आणि वाचक आठ मीटरवर असेल, तर ती सात-आठ अंश पुढे झुकवली की थेट त्याच्या डोळ्यांकडे पाहते आणि छताच्या दिव्याचे प्रतिबिंबही वर सरकते. फोर्कलिफ्टचा मास्ट (समोरचा उभा खांब) आणि क्रेनचा हूक यांच्या वाटेची खात्री करण्यासाठी ते दोन्ही चालवणाऱ्यांनाच जागेवर बोलवावे.

पायरी ८: कोटेशन आणि माल ताब्यात घेणे

कोटेशन मागवताना ‘५५ इंची स्क्रीन’ एवढेच लिहिले तर तिघे विक्रेते तीन वेगळ्या गोष्टींचे दर देतात. तेजस्विता, रोजचे तास, पॅनेलचा प्रकार, वीज आल्यावर आपोआप चालू होणे, उभे-आडवे लावण्याची परवानगी आणि जागेवर येऊन दुरुस्तीची वॉरंटी किती वर्षे, या सहा गोष्टी लेखी मागाव्यात. पॅनेल फुटणे कोणत्याही वॉरंटीत सहसा येत नाही, म्हणून ते कारखान्याच्या विम्यात आहे का हे लेखा विभागाला विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचे कोटेशन फाइलमध्ये असेल तर ते नव्याने मागवावे, आणि बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा.

खोका आडवा आला असेल तर उतरवून घेण्याआधीच हरकत नोंदवावी, कारण मोठे पॅनेल उभेच न्यायचे असते. सही करण्यापूर्वी खोका उघडून स्क्रीन चालू करून पाहावी. चालान घेऊन घाईत असलेला ड्रायव्हर “साहेब, नंतर बघा” म्हणतो. नंतर पाहिलेली चीर ही आपली चीर असते.

पायरी ९: पहिला महिना

स्क्रीनवर कोणाची रजा दाखवायची तर ‘रजा’ एवढेच लिहावे, रजेचे कारण लिहू नये. कामगारांच्या उत्पादनाची क्रमवारी लावू नये. ती लावली की लोक स्क्रीनकडे पाहणे टाळतात आणि वेळापत्रकही वाचले जात नाही. भाषेबाबत, १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याची अट होती, ती शहाणपणाची होती. आमच्याकडे मथळे मराठीत आहेत आणि रात्रपाळीला उत्तरेकडचे बरेच कामगार असूनही अडचण आली नाही, कारण लिपी तीच. कायद्याने लावायच्या सूचना मात्र प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर कागदावरच ठेवाव्यात, स्क्रीन हा त्यांना पर्याय समजू नये.

तेजस्विता शंभर टक्क्यांवर ठेवू नये. दिवसा सत्तर आणि रात्री चाळीस टक्के पुरते आणि मागच्या दिव्यांचे आयुष्य वाढते. ५५ इंची स्क्रीनला साधारण १२० वॅट लागतात, म्हणजे वीस तासांना सुमारे २.४ युनिट, बचतीचा मुद्दा त्यामानाने किरकोळ आहे. मागच्या बाजूला खरेदीची तारीख, बिल क्रमांक आणि इनपुटचे नाव लिहिलेली पट्टी चिकटवावी आणि रिमोट सुपरवायझरच्या टेबलाला दोरीने बांधून ठेवावा.

महिन्याभराने पावणेसातला केबिनसमोर किती जण उभे आहेत ते मोजावे. आमच्याकडे आता तीन-चार असतात आणि त्यांचे प्रश्न स्क्रीनवर न मावणारे असतात. जुना व्हाइटबोर्ड आम्ही काढलेला नाही. तो स्क्रीनच्या खाली, मार्करसह आहे, आणि पान लाल झाले की सुपरवायझर त्यावर चौदा ओळी हाताने लिहितो.